घोड्यांचा वाडा, माणसांचा माळा

इंग्लंडातील उमरावांच्या ग्रामीण प्रासादांविषयी लिहिणारे लेखक बहुधा दर्शनी सज्जापासून आरंभ करतात, दिवाणखान्यांतून व चित्रशाळेतून वाचकाला हिंडवतात, उद्यानातील कारंजी दाखवतात आणि अखेरच्या पानावर 'येथील पागाही पाहण्याजोगी आहे' असे एक वाक्य टाकून मोकळे होतात. हा क्रम या लेखापुरता आम्ही उलटा करणार आहोत. डर्बीशर परगण्यातील चॅट्सवर्थ हा डेव्हनशरच्या ड्यूकांचा प्रासाद सर्वश्रुत आहे. आमचे लक्ष मात्र त्याच्या ईशान्येस, चढावर उभ्या असलेल्या पागेकडे आहे.

पागाच का, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, प्रासाद बांधताना धन्याला केवळ आपल्या वैभवाचा विचार करून भागते. पागा बांधताना त्याला लीद, वैरण, पाणी, वारा आणि रात्री जनावराजवळ निजणारा माणूस या पाच गोष्टींशी तडजोड करावी लागते. ती कशी केली, कोठे शोभेला झुकते माप दिले आणि कोठे सोयीला, हे पाहिले म्हणजे त्या घराण्याची आणि त्या काळाची मूल्ये जितकी उघडी पडतात, तितकी ती दिवाणखान्याच्या रंगवलेल्या छताखाली पडत नाहीत.

प्रथम इमारत पाहू. ही पागा चौथे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांनी १७५८ नंतरच्या काही वर्षांत बांधविली. हे गृहस्थ १७५६-५७ मध्ये काही महिने इंग्लंडचे पंतप्रधान होते आणि १७६४ मध्ये निवर्तले. स्थपती जेम्स पेन हा इटालियन पलाडिओच्या संप्रदायातला, प्रमाणबद्धतेवर श्रद्धा असलेला कारागीर. मधोमध फरसबंद चौक, चहूबाजूंनी दुमजली इमारत, दर्शनी बाजूची लांबी सुमारे १९० फूट, कोपऱ्यांवर बैठे बुरूज आणि मध्यभागी रोमन विजयकमानीची आठवण देणारे महाद्वार, असा तिचा घाट आहे. द्वारावर त्रिकोणी शीर्षपट्टी; तीत घराण्याचे मानचिन्ह कोरलेले आणि त्याच्या दोहों बाजूंस पुरुषभर उंचीचे दोन दगडी काळवीटवजा सांबर. त्यांच्या मस्तकांवरील शिंगे मात्र दगडी नाहीत, खऱ्या सांबरांची आहेत. वर घड्याळाचा मनोरा. आत ८० घोड्यांची सोय होती: शर्यतीचे, स्वारीचे, गाडीचे आणि ओझ्याचे, असे सर्व प्रकारचे घोडे येथे राहात, नालबंदाची भट्टीही याच आवारात होती.

पेनच्या कामाचे गुण प्रांजळपणे मान्य केले पाहिजेत. ही इमारत नुसती भव्य नाही, ती शहाणी आहे. महाद्वार उंच आहे, पण त्या उंचीला कारण आहे. चार घोड्यांच्या गाडीच्या उंच आसनावर बसलेला गाडीवान मान न लववता आत यावयास हवा. आत येण्याचा मुख्य मार्ग एकच, त्यामुळे कोण आले, कोण गेले, कोणता घोडा बाहेर पडला, यावर एका नजरेत लक्ष राहते. चौकामुळे सर्व बाजूंना उजेड मिळतो आणि घोडी धुण्यास, गाड्या जोडण्यास, आजारी जनावर चालवून पाहण्यास वाऱ्यापावसापासून आडोसा असलेली मोकळी जागा लाभते. मनोऱ्यावरचे घड्याळही केवळ अलंकार नव्हे. दाणापाण्याच्या, खराऱ्याच्या आणि गाडी दाराशी लावण्याच्या वेळा सांभाळणे हाच जिथे दिवसाचा धर्म, तिथे सर्वांना दिसेल असे घड्याळ हे अत्यावश्यक अवजार होते.

स्तंभांच्या निवडीतही विवेक आहे. चॅट्सवर्थच्या मुख्य प्रासादाच्या दर्शनी भागांवर आयोनिक धाटणीचे, म्हणजे डोक्यावर शंखाकृती वळणे असलेले, नाजूक स्तंभ आहेत. पागेला पेनने डोरिक स्तंभ दिले. जाड, साधे, अंगापेराने मजबूत. भिंतींचे दगडही खडबडीत, सांधे खोल करून बसविलेले. युरोपीय वास्तुशास्त्रात डोरिक ही धाटणी पुरुषी व कणखर मानली जाते, आणि दणकट उपयोगाच्या इमारतीला ती शोभते असा संकेत आहे. म्हणजे पागेला राजवाड्याचे रूप दिले, परंतु पायरी एक खालची दिली. पाहुण्याने दुरून पाहिले तरी धन्याचे घर कोणते आणि घोड्याचे कोणते, याविषयी त्याच्या मनात घोटाळा होऊ नये, इतकी ही भाषा स्पष्ट आहे.

आता जागेच्या निवडीकडे वळू; आमच्या मते या इमारतीचा खरा अर्थ तेथेच दडलेला आहे.

चौथ्या ड्यूकांच्या आधी प्रासादाकडे येण्याची वाट पूर्वेकडून होती. त्यांनी ती पश्चिमेकडून आणावयाचे ठरविले. त्यासाठी प्रासादाच्या त्या बाजूची जुनी पागा व कारखान्यांच्या इमारती पाडण्यात आल्या, आखीव बागांच्या जागी लॅन्सलॉट ब्राउन याने, ज्याला जग 'केपेबिलिटी' ब्राउन म्हणून ओळखते, नैसर्गिक भासणारी हिरवळ पसरवली आणि नदीवर पेनने नवा पूल बांधला. प्रासादातून एन्झर या खेड्याची काही घरे दिसत होती. तीही या सोहळ्यात हलविली गेली. पुढे १८३८ ते १८४२ या काळात सहाव्या ड्यूकांनी त्या गावाचा उरलेला बराचसा भाग नव्याने आखून दुसरीकडे वसविला.

हा सारा व्यवहार एका दृष्टीत घ्यावा. पश्चिमेकडून पुलावरून येणाऱ्या पाहुण्याला समोर प्रासाद दिसतो, मागे झाडीने भरलेला डोंगर दिसतो आणि डाव्या हातास, चढावर, पागा दिसते. गाव दिसत नाही. जे दृष्टीस पडू नये ते हलविले आणि जे पडावे ते टेकडीवर चढविले. घोडे ही दाखविण्याची दौलत होती; कुळे ही झाकण्याची. पागेच्या सौंदर्याविषयी लिहिणाऱ्या समीक्षकाने हा हिशेब बाजूला ठेवून केवळ प्रमाणबद्धतेचे गोडवे गाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कारण ती टेकडी पेनच्या रचनेचाच भाग आहे; ती वजा केली तर हीच इमारत निम्म्याने लहान वाटेल.

दर्शनी भाग धन्यासाठी, तळमजला घोड्यांसाठी. मग माणसांसाठी काय, हे पाहण्यास माडीवर गेले पाहिजे.

वरच्या मजल्यावर धान्याची कोठारे होती आणि पागेतील नोकरमाणसांच्या राहण्याच्या खोल्या होत्या. ही पद्धत एकट्या चॅट्सवर्थची नव्हे. त्या काळच्या बहुतेक मोठ्या पागांत घोडे खाली, चारा आणि माणसे वर, अशीच मांडणी असे. तिच्यामागील कारणे समजून घ्यावयास हवीत. घोड्याला रात्री पोटशूळ उठला, एखादा दाव्यात अडकून पडला, तर धावून जाणारा माणूस हाकेच्या अंतरावर असलाच पाहिजे. डर्बीशरच्या कडाक्याच्या थंडीत खालच्या जनावरांची ऊब वर पोचते, हाही लाभच. पण त्याच वाटेने आणखी काय वर पोचते, ते कोणत्याही पागेत तासभर उभे राहिलेल्यास सांगावयास नको. मुताचा उग्र दर्प, वैरणीची धूळ, रात्रभर फरशीवर आपटणारे खूर. आणि खाली गवताला ठिणगी लागली तर वर निजलेल्यांची काय गत होईल, हा प्रश्न वेगळाच. एकोणिसाव्या शतकात पागाबांधणीवर लिहिणारे जाणकार ठाणांच्या वर माळा असू नये असे सांगू लागले. तेही मुख्यतः घोड्याला मोकळी हवा मिळावी म्हणून. माळ्यावरच्या माणसाच्या छातीचा विचार त्या मानाने उशिराच झाला.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. अठराव्या शतकाला आजच्या मापाने मोजणे अन्याय्य नव्हे काय? नोकरांना धन्याच्या बरोबरीच्या खोल्या त्या काळी कोठेच नव्हत्या. मग पेनलाच दोष का द्यावा? आक्षेपात तथ्य आहे. परंतु आमची तक्रार खोली लहान होती ही नाही. एका घोड्याच्या ठाणाची रुंदी साधारण ६ फूट असावी, मोकळे सोडलेल्या घोड्याच्या खोलीची लांबी-रुंदी १२-१२ फूट असावी, जमिनीचा उतार गटाराकडे किती असावा, गव्हाण किती उंचीवर असावी, हे सर्व जनावराच्या अंगमापावरून ठरत आले आहे. पागेचा नकाशा घोड्याच्या देहातून जन्मतो. माडीवरच्या खोल्यांची मापे मात्र कोणाच्याच देहावरून घेतलेली नसतात; खालच्या ठाणांनी आणि बाहेरच्या सज्जाने जी जागा उरवली, तिचीच खोली होते. घोड्यासाठी जागा आखली जाते, माणसाला उरलेली मिळते. हा दोष त्या काळच्या मापानेही दोषच आहे, कारण जनावराच्या गरजा इतक्या बारकाईने मोजता येत होत्या, त्याअर्थी मोजण्याची विद्या अवगत होती.

याच संदर्भात दोन पागांतील अक्षरांची तुलना आम्हांस फार बोलकी वाटते. नॉर्थंबरलंडमध्ये सीटन डेलव्हॅल नावाचा प्रासाद आहे. जॉन व्हॅनब्रू या नाटककार-स्थपतीने तो १७१८ पासून पुढे दहा वर्षांत उभा केला. १८२२ च्या आगीत मधला प्रासाद जळून गेला, पण पूर्वेकडील पंख्यातली पागा शाबूत राहिली. तेथील दगडी कमानींची ठाणे एखाद्या प्रार्थनामंदिराच्या गंभीर ओळीसारखी भासतात, आणि प्रत्येक ठाणाच्या माथ्यावर तेथे राहणाऱ्या घोड्याचे नाव लिहिलेले आहे. आता चॅट्सवर्थकडे या. अकराव्या ड्यूकांच्या पत्नी डेबोरा यांनी प्रासादावर लिहिलेल्या पुस्तकात नोंदविले आहे की, पागेच्या माडीवरील एका खोलीच्या दारावर रंगविलेली जुनी अक्षरे अद्याप टिकून होती. ती अक्षरे म्हणजे 'तिसरा पोस्टिलियन'. जोडीच्या डाव्या घोड्यावर बसून गाडी हाकणारा जो स्वार, त्याला पोस्टिलियन म्हणत. त्या खोलीत एकामागून एक किती जण येऊन राहिले असतील. दाराला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते. एका पागेत घोड्याला नाव आहे. दुसऱ्या पागेत माणसाला क्रमांक आहे. महाद्वारावरच्या सांबरांपेक्षा हे दार आम्हांस अधिक मोलाचे वाटते, कारण संपूर्ण इमारतीत त्या माणसांचा उल्लेख करणारे तेवढे एकच ठिकाण आहे.

पागेतून घोडे गेल्यावर काय, हा प्रश्न विसाव्या शतकाने उभा केला. सहाव्या ड्यूकांनी १८३० च्या दशकात पागेच्या मागे गाडीखाना बांधला होता; तो काळ घोडागाडीच्या वैभवाचा. शंभर वर्षांनी मोटारी आल्या. चॅट्सवर्थच्या पागेतील अखेरचे घोडे १९३९ मध्ये गेले. मग तिचा उपयोग कोठार आणि मोटारखाना म्हणून झाला. माडीवरच्या खोल्यांची बिऱ्हाडे करून ती प्रासादातील नोकरांना व निवृत्तांना दिली गेली. १९५० मध्ये दहावे ड्यूक वारले आणि वारसाकराचा बोजा संपत्तीच्या ८० टक्क्यांवर आला. पाहुण्यांकडून उत्पन्न मिळविणे हा तेव्हापासून हौसेचा विषय राहिला नाही. १९७५ मध्ये १२० पौंड घालून चहाचे एक छोटे दुकान काढण्यात आले. १९७९ मध्ये जुन्या ठाणांत ९० जणांचे उपाहारगृह झाले. ते ना गिऱ्हाइकांना रुचले, ना हिशेबात बसले. पुढे १९८७ पासून ड्यूकांच्या खाजगी फ्रेंच आचाऱ्याने हे काम हाती घेतले आणि मागच्या गाडीखान्यात २५० जणांची व्यवस्था झाली. ती मात्र चालली.

ठाणांत न जमलेले उपाहारगृह गाडीखान्यात का जमले, याचे उत्तर वास्तूच्या पोटातच असावे असे आम्हांस वाटते. ठाण म्हणजे विभागलेली जागा. एका देहाला एक कप्पा. तेथे टेबलाभोवती चार माणसे बसवायची म्हणजे भिंतींशी भांडण आले. गाडीखाना म्हणजे रुंद दारांचे, आडभिंती नसलेले दालन. गाडीऐवजी टेबल ठेवले तरी ते कुरकुरत नाही. जुन्या इमारतीला नवा धंदा नेमून देताना तिच्या दर्शनी भागाची नव्हे, तर नकाशाची संमती घ्यावी लागते, हा धडा चॅट्सवर्थने ठेच खाऊन घेतला.

फ्रान्सातील शांतियी येथे दुसरी वाट चोखाळली गेली. ड्यूक ऑफ बूर्बाँ यांच्यासाठी जाँ ओबेर याने १७१९ पासून बांधलेली ती पागा १८६ मीटर लांब असून तीत २४० घोड्यांची सोय होती. आपण पुढल्या जन्मी घोडा होणार अशी त्या ड्यूकांची समजूत होती, म्हणून त्यांनी इतका थाट केला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पुनर्जन्माची तयारी इतक्या दूरदृष्टीने करणारा यजमान आपल्याकडेही विरळाच. महत्त्वाचे हे की, १९८२ मध्ये तेथे घोड्यांचे संग्रहालय सुरू झाले आणि जिवंत घोडेही ठाणांत राहिले. त्यांच्या कवायती होतात. घोडा तेथे कलावंत झाला आहे, चाकर राहिलेला नाही. तरीही ठाणाला ठाणाचा अर्थ आहे. आमचा कौल शांतियीकडे झुकतो. पण प्रत्येक पागेला ते परवडणार नाही, हेही आम्ही जाणतो.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे. त्याचे आपल्याला काय, असे आमचे वाचक म्हणणार नाहीत अशी आशा आहे. ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरे येथे आपली घराणी जाऊन वसली ती पुष्कळदा पागेच्याच आधाराने. मराठीत 'पागा' हा शब्द घोडे बांधण्याच्या जागेला जितका लागतो तितकाच घोडदळाच्या पथकालाही लागतो. सरकारी घोड्यावर चढणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि पागेचा हिशेब लिहिणारा तो पागनीस. इंग्रजी उमरावाची पागा ही प्रतिष्ठेची वस्तू होती. आपली पागा ही आधी चाकरी होती, मग प्रतिष्ठा. म्हणूनच तिला टेकडीवर चढविण्याची गरज पडली नाही. देवडी ओलांडली की पहिल्याच चौकात, ओवऱ्यांच्या आसऱ्याने, आगाडी-पिछाडी बांधलेले घोडे उभे असत. चंदीचा वास आणि खराऱ्याचा आवाज घरातल्या माणसांच्या दिवसाचाच भाग असे.

याचा अर्थ आमच्या पागेत माणसाचे मोल अधिक होते असा मात्र कोणी काढू नये. लेखणी धरणाऱ्याचे पद आडनाव होऊन आजतागायत टिकले. खरारा धरणाऱ्या मोतद्दाराचे नाव दप्तरात शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. त्याच्या दारावर तर क्रमांकही नव्हता, कारण बहुधा त्याला दारच नव्हते.

आमच्या शहरातील एका जुन्या वाड्याची डागडुजी काही वर्षांपूर्वी झाली. दिंडीदरवाजा उत्तम सावरला, गणेशपट्टीला तेलपाणी झाले, नगारखान्याच्या कमानीतले कबुतरांचे घाण साफ झाले. पहिल्या चौकातील ओवऱ्यांत मात्र दुचाक्या ठेवण्याची सोय करण्यात आली, आणि भिंतींतील लोखंडी कड्या कपड्यांना अडकतात म्हणून कापून टाकल्या गेल्या. कोणाचा हेतू वाईट नव्हता. त्या कड्यांवर कोणी लेख लिहिला नव्हता, एवढेच. कड्या एकमेकींपासून किती अंतरावर होत्या यावरून तेथे किती घोडे उभे राहात, जमिनीपासून किती उंच होत्या यावरून ते कसे बांधले जात, हे कळले असते. आता ते कळण्याचा मार्ग उरला नाही.

वास्तुसमीक्षेने सज्जाचे कौतुक जरूर करावे. पेनच्या महाद्वारापुढे आम्हीही मान लववतो. पण समीक्षेचे काम तेथे संपत नाही. जी घराणी आजही आपले वाडे सांभाळून आहेत, त्यांना आमची विनंती एवढीच की, पहिल्या चौकाला हात लावण्यापूर्वी एक फीतपट्टी आणि एक वही घेऊन तेथे सकाळभर बसावे. ओवरीची खोली, खांबांतील अंतर, गव्हाणीची उंची, कडीची जागा, पाणी वाहून जाण्याची मोरी, माळ्याची शिडी, हे सर्व मापून लिहून ठेवावे. आणि घरातील वृद्धांना तेथे कोण राहात असे ते विचारावे. नाव सांगता आले तर नाव लिहावे. चॅट्सवर्थच्या त्या दारावर निदान 'तिसरा' एवढे तरी लिहिलेले होते. आपल्या वह्यांत त्याहून थोडे अधिक लिहिले जावे.